अध्यक्षांचं भाषण आणि संस्थेची पॉलिसी

तुमच्या लांबलचक पत्रातला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेचे सचिव आहात. अध्यक्ष राजकारणातले आहेत आणि पूर्वी नगरसेवक होते. संस्थेच्या माजी मुख्याध्यापिकेने प्रवेशासाठी पैसे घेतले, असा आरोप त्यांनी दोनदा जाहीरपणे केला, एकदा शाळेच्या पालकसभेत आणि एकदा प्रभागातल्या प्रचारसभेत. दुसऱ्या भाषणाची क्लिप व्हॉट्सॲपवर गावभर फिरली. बाईंनी ५० लाखांचा अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा लावला आणि आता १२ लाखांवर तडजोडीची बोलणी चालू आहेत. अध्यक्ष म्हणतात, ‘संस्थेनं पदाधिकाऱ्यांची लायबिलिटी पॉलिसी घेतली आहे ना, मग विमा कंपनी भरेल. क्लिंटनचे भरले, तर माझे का नाही?’ सभासदांपैकी काही जण मात्र म्हणतात की पुढाऱ्याच्या तोंडाची किंमत आमच्या प्रीमियममधून जाऊ देणार नाही.

सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीच्या नागपूर कार्यालयात माझी बरीच नोकरी लायबिलिटी क्लेमच्या, म्हणजे विमाधारकावर दुसऱ्याने लावलेल्या दाव्यांच्या, टेबलावर गेली. निवृत्तीनंतरही लोक पॉलिसीचे कागद घेऊन येतात. माझं मत आधीच सांगतो. क्लिंटन यांच्या तडजोडीवर जगभर गहजब झाला, पण पैसा कोणाच्या खिशातून गेला या कसोटीवर ते प्रकरण तुमच्यापेक्षा बरंच स्वच्छ होतं. तुमच्या अध्यक्षांनी दिलेला दाखला त्यांच्या बाजूने जात नाही, उलट त्यांच्यावरच उलटतो.

आधी त्या प्रकरणाची हकीकत. बिल क्लिंटन आर्कान्सॉचे गव्हर्नर असताना, १९९१ साली, लिटल रॉकमधल्या एका हॉटेलात आपल्याशी गैरवर्तन झालं, असा पॉला जोन्स यांचा आरोप होता. मे १९९४ मध्ये त्यांनी ७ लाख डॉलरचा दावा लावला, तोवर क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाले होते. पदावर असेपर्यंत दावा थांबवावा, ही त्यांची मागणी १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळली. आरोप पदाच्या कामाशी संबंधित नाही, तेव्हा पदाचं संरक्षणही नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एप्रिल १९९८ मध्ये खालच्या न्यायालयाने दावाच काढून टाकला. जोन्स अपिलात गेल्या आणि ते प्रलंबित असतानाच नोव्हेंबर १९९८ मध्ये साडेआठ लाख डॉलरवर तडजोड झाली. माफी नाही, कबुलीही नाही. जानेवारी १९९९ मध्ये पैसे दिले गेले, त्यातले ४ लाख ७५ हजार चब या विमा समूहाच्या पॉलिसीतून आले आणि सुमारे पावणेचार लाख क्लिंटन दांपत्याच्या स्वतःच्या पैशातून. यातली निम्म्याहून जास्त रक्कम जोन्स यांच्या वकिलांकडे गेली, हे जाता जाता सांगतो.

ती पॉलिसी होती ‘पर्सनल अंब्रेला लायबिलिटी’. घर आणि गाडीच्या विम्यावर आणखी एक मोठं छत्र चढवायचं, असा हा प्रकार. अमेरिकेत मध्यमवर्गीय माणूसही अशी पॉलिसी घेतो. क्लिंटन यांच्याकडे दोन कंपन्यांच्या पॉलिसी होत्या, स्टेट फार्म आणि चब समूहातली पॅसिफिक इंडेम्निटी. तडजोडीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या वकिलांची बिलं या दोन्ही कंपन्या भरत होत्या. लोकांचा पारा चढला तो त्यावरूनच. लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असलेल्या माणसाची वकिलाची फी घरगुती विम्याची कंपनी का भरते? गल्लीतल्या सामान्य पॉलिसीधारकाला असं औदार्य दाखवलं असतं का? की समोर राष्ट्राध्यक्ष आहे म्हणून टेबलाखालून काही झालं?

क्लेमच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर उत्तर कंटाळवाणं वाटेल इतकं तांत्रिक आहे. लायबिलिटी पॉलिसीत कंपनीची दोन वेगळी आश्वासनं असतात. एक, तुमच्यावर दावा झाला तर बचावाचा खर्च आम्ही करू. दुसरं, तुम्ही देणं लागलात तर ते आम्ही देऊ. पहिलं आश्वासन कधी लागू होतं, हे दाव्याच्या अर्जात काय लिहिलंय त्यावरून ठरतं. आरोप खरा की खोटा, हे त्या घडीला कंपनीने बघायचं नसतं. जोन्स यांच्या दाव्यात नागरी हक्कांचा भंग होता, मानसिक त्रास होता आणि बदनामीही होती. अशा पॉलिसींमध्ये बदनामी हा विमाछत्रातला विषय असतो. त्यातला एक मुद्दा छत्राखाली आला की अमेरिकी प्रथेप्रमाणे बहुतेक वेळा सगळ्याच दाव्याचा बचाव कंपनीच्या गळ्यात पडतो. कंपनी हक्क राखून, म्हणजे ‘आज भरतो, उद्या छत्राबाहेरचं ठरलं तर आमचा वाद शाबूत’ असं पत्र देऊन पैसे भरत राहते.

हे वादीच्या वकिलालाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून दाव्याचा मसुदा करतानाच तो विमा कंपनीला खेचणारं एखादं कलम पेरून ठेवतो. आपल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात बसलेल्या कुणालाही हे नवीन नाही. गाडीमालकाकडे काही नसलं तरी कंपनी पक्षकार असली की दाव्याला वजन येतं. जोन्स प्रकरणात १९९७ मध्ये ७ लाख डॉलरची तडजोड समोर आली होती. माफीशिवाय ती नको, म्हणून जोन्स यांनी नाकारली आणि त्यांच्या वकिलांनी वकीलपत्र सोडलं. नव्या वकिलांच्या काळात बदनामीचा मुद्दा दाव्यातून गळला. विमाछत्राचा मुख्य धागा तिथेच सैल झाला, तरीही शेवटी चबने पावणेपाच लाख मोजले.

का मोजले? यात मला गूढ काही दिसत नाही. अपिलाचा निकाल उलटा गेला असता तर पूर्ण सुनावणी, ज्युरी, आणखी काही वर्षांची वकिलांची बिलं आणि वर क्लिंटन यांच्याशी पॉलिसीच्या अर्थावरून वेगळी लढाई. क्लेम विभागात आम्ही फाईलच्या डाव्या बाजूला पेन्सिलने जो हिशोब मांडायचो, तोच हा हिशोब. लढल्यास इतके, मिटवल्यास इतके. तडजोडीची रक्कम म्हणजे दोषाचं मोजमाप नव्हे आणि निर्दोषत्वाचा दाखलाही नव्हे. तो त्या दिवशीचा बाजारभाव असतो.

आता खरी मेख. जगातल्या बहुतेक लायबिलिटी पॉलिसीत एक एक्सक्लूजन असतंच: जाणूनबुजून केलेल्या कृत्याचं, लबाडीचं, गुन्ह्याचं देणं कंपनी देणार नाही. कायदाही त्याच अंगाने जातो. कॅलिफोर्नियाच्या विमा संहितेत ५३३ वं कलम त्यासाठीच आहे. आपल्याकडे १९६३ च्या सागरी विमा कायद्याचं कलम ५५ विमाधारकाच्या हेतुपुरस्सर गैरकृत्यातून झालेल्या नुकसानीला कंपनीला जबाबदार धरत नाही, आणि करार कायद्याचं कलम २३ लोकहिताविरुद्धचा करारच बाद ठरवतं. मग कंपनी भरते कशी? कारण ते कृत्य जाणूनबुजून केलं होतं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. पदाधिकाऱ्यांच्या पॉलिसीत, म्हणजे ज्याला सगळे डी अँड ओ (डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स) म्हणतात त्यात, हे एक्सक्लूजन बहुधा ‘अंतिम न्यायनिर्णय झाल्यावर’च लागू होतं. तडजोड झाली की न्यायनिर्णयच होत नाही. ‘कोणतीही कबुली न देता’ हे शब्द पुढाऱ्याची अब्रू वाचवतात आणि त्याच वेळी विमा कंपनीला पैसे देण्याची वाटही मोकळी ठेवतात. खटला चालून हरला असता तर कदाचित स्वतः भरावे लागले असते, मिटवला म्हणून कंपनीने भरले. लोकांना जो अन्याय वाटतो, त्याचं मूळ इथे आहे, आणि तो वाटणं अगदीच चुकीचं नाही.

तरीही ही पळवाट बंद करावी, असं मला वाटत नाही. बंद केली तर पहिला फटका फिर्यादीला बसतो. पुढाऱ्याची मालमत्ता बायकोच्या, मुलाच्या, भाच्याच्या नावावर. हुकूमनामा हातात पडला तरी वसुलीसाठी दहा वर्षं चपला झिजवा. विमा कंपनीचा धनादेश मात्र वटतो. मोटार विम्यात न्यायालयांनी यातून ‘पे अँड रिकव्हर’चा रस्ता काढला: कंपनीने आधी पीडिताला द्यावं, मग अटी मोडणाऱ्या मालकाकडून वसूल करावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने ते सूत्र आणखी पक्कं केलं. पुढाऱ्यांच्या तडजोडीतही तसंच काही असावं, असं माझं मत आहे. कायद्यात आज ते नाही.

‘आमचा प्रीमियम’ या तक्रारीबद्दलही एक शब्द. क्लिंटन यांनी प्रीमियम स्वतःच्या खिशातून भरला होता. कंपनीने जोखीम पाहून दर लावला, त्यांनी तो दिला, प्रसंग आला तेव्हा क्लेम घेतला. दुसऱ्या पॉलिसीधारकाचा जेवढा हक्क, तेवढाच त्यांचा. मोठ्या नावाला झुकतं माप मिळतं का? खासगी कंपन्यांचं मला ठाऊक नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. फोन सगळीकडेच येतात. पण सरकारी कंपनीत मी अनुभवलं ते उलटं होतं. पुढाऱ्याची फाईल आली की कुणी सही करायला धजायचं नाही. उद्या व्हिजिलन्सने विचारलं तर काय सांगणार? साधा क्लेमसुद्धा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर महिनोन्‌महिने हिंडायचा. अधिवेशनाच्या दिवसांत तर अशी फाईल मुद्दाम कपाटात जायची.

तुमच्या सभासदांच्या बोलण्यात ट्रम्प यांचंही नाव आलं, म्हणून तेही निपटतो. मार्च २०२४ मध्ये लेखिका ई. जीन कॅरोल यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात ट्रम्प यांनी सुमारे ९ कोटी १६ लाख डॉलरचा बाँड भरला. तो देणारी कंपनी होती फेडरल इन्शुरन्स, म्हणजे पुन्हा चबच. ‘विमा कंपनीने ट्रम्पचा दंड भरला’ अशी बोंब झाली आणि चबच्या प्रमुखांना खुलाशाचं पत्र काढावं लागलं. तो विमा नव्हताच. अपील चालू असेपर्यंत वसुली थांबावी म्हणून ८ कोटी ३३ लाखांच्या निकालावर ११० टक्क्यांची दिलेली ती हमी होती. अपील हरलं आणि कंपनीला भरावं लागलं, तर ती पै न्‌ पै ट्रम्प यांच्याकडूनच वसूल करणार. बँक गॅरंटी आणि विमा यांत जो फरक, तोच इथे.

क्लिंटनपेक्षा तुमच्या प्रकरणाच्या जवळची उदाहरणं वेगळी आहेत आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांताचे अर्थमंत्री स्टॉकवेल डे यांनी १९९९ मध्ये रेड डिअर शहरातल्या वर्तमानपत्राला पत्र लिहून एका वकिलावर टीका केली. तो वकील बाल-अश्लीलतेच्या खटल्यातल्या आरोपीची बाजू मांडत होता. जणू वकिलालाच ते कृत्य मान्य आहे, असा त्या पत्राचा सूर होता. वकिलाने बदनामीचा दावा लावला. डिसेंबर २००० मध्ये ६० हजार कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली, पण वकिलांच्या बिलांसह एकूण आकडा गेला ७ लाख ९२ हजारांवर. हे सगळे पैसे प्रांताच्या ‘रिस्क मॅनेजमेंट फंडा’तून गेले. हा फंड म्हणजे सरकारने स्वतःचाच स्वतः उतरवलेला विमा. तोपर्यंत डे राष्ट्रीय पक्षाचे नेते झाले होते आणि पैशाच्या उधळपट्टीवर भाषणं देत होते. लोकांनी त्यांना फाडून खाल्लं. माझ्या मते ते बरोबरच होतं, कारण इथे प्रीमियम जनतेचा होता आणि जीभ मात्र एकट्या माणसाची.

ब्रिटनमध्येही २०२४ मध्ये विज्ञानमंत्री मिशेल डोनेलन यांनी एका प्राध्यापिकेवर समाजमाध्यमातून केलेल्या आरोपाबद्दलचे १५ हजार पौंड सरकारी खात्याने भरले आणि असाच गदारोळ झाला. आपल्याकडे म्हणाल तर दिल्ली. अरुण जेटली यांनी अरविंद केजरीवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर १० कोटींचा दावा लावला होता. केजरीवाल यांचे वकील राम जेठमलानी यांची तीन कोटींहून अधिकची बिलं दिल्ली सरकारने भरावीत, असा प्रस्ताव २०१७ मध्ये उघड झाला. मुख्यमंत्री म्हणून बोलले की पक्षाचे नेते म्हणून, हाच वाद उभा राहिला. शेवटी जेठमलानींनीच जाहीर केलं की गरीब अशील समजून फुकट लढेन.

नागपूरकरांना आठवत असेल तो दुसरा प्रसंग. २०१४ मध्ये केजरीवाल यांनी भ्रष्ट नेत्यांच्या यादीत नितीन गडकरींचं नाव घेतलं. गडकरींनी फौजदारी तक्रार केली. केजरीवाल यांनी जामिनाचा बाँड द्यायचं नाकारलं आणि मे २०१४ मध्ये काही दिवस तिहारमध्ये काढले. मार्च २०१८ मध्ये त्यांनी गडकरींना खेदाचं पत्र दिलं आणि प्रकरण संपलं. एक रुपयाचाही व्यवहार झाला नाही. आपल्या राजकारणात तडजोडीचं चलन माफीनामा आहे, डॉलर नाही. त्याला कारणही आहे. आपल्याकडे बदनामीचं प्रकरण बहुतेक वेळा फौजदारी अंगाने जातं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पूर्ण दोन वर्षं झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याने आमदारकी-खासदारकी जाते. २०२३ मध्ये राहुल गांधींच्या बाबतीत ते सगळ्या देशाने पाहिलं. कारावास आणि गेलेली खुर्ची यांचा विमा कुठलीच कंपनी देत नाही. फौजदारी दंडही पॉलिसीत बसत नाही, फार तर निकाल लागेपर्यंतचा बचावाचा खर्च बसतो.

आता तुमच्याकडे वळतो, कारण इथे तपशिलात शिरण्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिलं म्हणजे घरगुती पॉलिसीची आशा अध्यक्षांनी सोडावी. अमेरिकेसारखी अंब्रेला पॉलिसी आपल्या घरगुती विम्यात नाही. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ घर आणि घरातलं सामान यांच्यापुरती आहे. जुन्या हाउसहोल्डर पॅकेजमध्ये लायबिलिटीचा भाग असायचा, पण तो कुणाला इजा झाली किंवा कुणाची वस्तू मोडली, एवढ्यापुरता. बोललेल्या शब्दांचा त्यात समावेश नाही.

राहिली संस्थेची पॉलिसी. तिचं पहिलं पान उघडा आणि विमाधारक कोण आहे ते बघा. अध्यक्ष ‘विमाधारक व्यक्ती’ असतीलच, पण फक्त ‘त्या पदाच्या नात्याने’ केलेल्या कृत्यासाठी. सगळा क्लेम या एका अटीवर उभा आहे. पालकसभेत ते अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर होते. शाळेच्या प्रवेशाबद्दल बोलणं त्यांच्या कामात येतं. तिथला क्लेम बसू शकतो. प्रचारसभेत ते उमेदवारासाठी मत मागत होते. तिथे संस्थेचा काय संबंध? कंपनीचा सर्व्हेयर किंवा वकील ती क्लिप पाहणार, मागचा बॅनर पाहणार, गळ्यातला दुपट्टा पाहणार आणि लिहिणार, ‘पदाबाहेरचं कृत्य’. मी टेबलावर असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

म्हणजे १२ लाखांची वाटणी करावी लागेल. क्लेमच्या भाषेत त्याला ॲलोकेशन म्हणतात, आणि कंपनी व विमाधारक यांच्यात सगळ्यात जास्त खडाजंगी होते ती यावरच. खरं नुकसान व्हायरल क्लिपने झालं, असं बाईंच्या दाव्यात लिहिलं असेल तर मोठा वाटा छत्राबाहेर जाईल. दाव्याच्या अर्जाचा परिच्छेद न्‌ परिच्छेद वाचून कुठलं वाक्य कुठल्या सभेबद्दल आहे, याचा तक्ता करा. अध्यक्षांनी काय सांगितलं यावर विसंबू नका.

दुसरा खड्डा. माजी मुख्याध्यापिका शाळा समितीच्या पदसिद्ध सदस्य होत्या का? असतील तर पॉलिसीतल्या ‘इन्शुअर्ड व्हर्सेस इन्शुअर्ड’ या एक्सक्लूजनकडे बघा. एका विमाधारकाने दुसऱ्यावर केलेला दावा त्यात वगळलेला असतो. नोकरीविषयक तक्रारींना कधीकधी अपवाद असतो, पण तो शब्दाशब्दांत तपासावा लागतो. आणि बदनामी हा विषय व्याख्येत घेतलाय की वगळलाय, हेही बघा. दोन्ही प्रकारच्या पॉलिसी मी पाहिल्या आहेत.

तिसरी गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिलीत, पण मला तीच सगळ्यात जास्त खटकली. वकिलाची नोटीस मार्चमध्ये आली, पॉलिसीचं नूतनीकरण एप्रिलमध्ये झालं आणि कंपनीला कळवलं जुलैत, समन्स मिळाल्यावर. ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ तत्त्वावर चालते. ज्या पॉलिसीच्या मुदतीत पहिली लेखी मागणी आली, त्या मुदतीतच ती कळवायची असते. पैसे मागणारी वकिलाची नोटीस म्हणजेच क्लेम. जुन्या पॉलिसीची मुदत संपली, आणि नवीन घेताना प्रपोजल फॉर्मवर ‘कोणताही दावा प्रलंबित किंवा अपेक्षित आहे का?’ या रकान्यात तुम्ही ‘नाही’वर खूण केली असेल, तर कंपनी दोन्हीकडून हात वर करील. जुन्या पॉलिसीत वाढीव कळवण्याची मुदत आहे का, ते आजच शोधा. काही पॉलिसीत ती असते. मार्चमध्ये एजंटला तोंडी सांगितलं होतं म्हणता. व्हॉट्सॲपवर, ई-मेलवर त्याचा काही माग असेल तर तो जपून ठेवा.

चौथं, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तडजोड करू नका. अध्यक्षांचा स्वभाव तुम्हीच लिहिला आहे. लोकअदालतीत चहा पिता पिता ते सही करून मोकळे होतील. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे हुकूमनामाच, त्याला अपील नाही. आणि कंपनी एका ओळीचं पत्र देईल: संमती नव्हती, क्लेम नामंजूर. उलटंही होऊ शकतं. कंपनी म्हणेल ८ लाखांत मिटवा, अध्यक्ष म्हणतील निवडणुकीआधी एक पैसाही देणार नाही, लढेन. बऱ्याच पॉलिसीत अशा वेळी कंपनीची जबाबदारी त्या ८ लाखांवर गोठते आणि पुढचं सगळं विमाधारकाच्या माथी येतं. हे अध्यक्षांना कागदावर दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही.

आता सभासदांचा मुद्दा, कारण तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. कंपनीने नाकारलेला भाग संस्थेने भरावा, असा ठराव कुणी आणला तर सचिव म्हणून त्यावर सही करू नका. सार्वजनिक न्यासाचा पैसा अध्यक्षाच्या प्रचारसभेतल्या वाक्यासाठी वापरणं म्हणजे गैरवापर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्त अशा विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करू शकतात, आणि सह्या करणारेही त्यातून सुटत नाहीत. विश्वस्ताच्या वैयक्तिक लाभासाठी पैसा वापरला म्हणून आयकराची सूट धोक्यात येते, ते वेगळंच. लेखापरीक्षण झालेला हिशोब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जातो. ‘गोपनीय तडजोड’ हा शब्द तिथे चालत नाही.

प्रीमियमबद्दल कंपनी कायद्यात एक चांगली सोय आहे. कलम १९७ च्या पोटकलम १३ नुसार कंपनीने संचालकांच्या विम्याचा भरलेला प्रीमियम त्यांच्या मानधनात धरला जात नाही, पण दोष सिद्ध झाला तर तो मानधनात धरायचा. तुमची संस्था कंपनी नाही, म्हणून हे कलम तुम्हाला लागू नाही. पण तसाच ठराव तुम्ही स्वतः करू शकता: पदाच्या कामाबाहेरच्या कृत्यासाठी क्लेम आला, तर त्याने वाढलेला प्रीमियम आणि वजावटीची, म्हणजे क्लेममधली विमाधारकाने स्वतः सोसायची, रक्कम संबंधित पदाधिकाऱ्याने भरायची. पुढच्या नूतनीकरणाला कंपनी दर वाढवणारच आहे. ती वाढ विद्यार्थ्यांच्या फीमधून का जावी?

माझा सल्ला विचाराल तर अध्यक्षांना वेगळा वकील देऊन टाका. संस्था आणि अध्यक्ष या दोघांचं हित इथे एक नाही. पालकसभेतलं बोलणं पदाच्या नात्याने झालं, हे संस्थेला फायद्याचं. प्रचारसभेतलंही तसंच होतं, हे फक्त अध्यक्षांना फायद्याचं. एकच वकील दोन्ही म्हणू शकत नाही. मग बाईंच्या वकिलाला विचारा, नेमकं काय हवंय. तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं की त्यांना त्याच पालकांसमोर, त्याच शाळेच्या लेटरहेडवर आरोप मागे घेतलेला हवा आहे. लेखी माफी लवकर आली तर रक्कम १२ वरून बरीच खाली येईल. फक्त त्या माफीचा मसुदाही आधी कंपनीला पाठवा. ‘मी जाणूनबुजून खोटं बोललो’ असं एक वाक्य त्यात शिरलं, की पालकसभेपुरता जो क्लेम बसत होता तोही गेला. ‘वस्तुस्थिती न तपासता केलेलं विधान’ एवढंच पुरेसं आहे, आणि बहुधा तेच खरंही असेल.

कंपनीने नाकारलंच तर विमा लोकपालाकडे जाण्याचा सल्ला कुणी देईल. ती वाट वैयक्तिक पॉलिसीधारकांची, गटविम्याची आणि अगदी लहान, म्हणजे सूक्ष्म, उद्योगांची आहे. तुमच्यासारख्या न्यासाच्या मॅनेजमेंट लायबिलिटी पॉलिसीसाठी नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी द्या, मग पॉलिसीत लवादाचं कलम आहे का ते पाहून पुढचं ठरवा. आणि अध्यक्ष पुन्हा क्लिंटनचं नाव काढतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा की त्या माणसाने स्वतः भरलेल्या प्रीमियमवर पावणेपाच लाख घेतले आणि वर पावणेचार लाख पदरचे घातले. १२ लाखांपैकी अध्यक्ष पदरचे किती घालणार, तो आकडा मला पुढच्या पत्रात कळवा.